कलुंडेचं पडणं

टांझानियातल्या ताबोरात कुणाकडे लग्न असो की मयत, कलुंडेला बोलावणं चुकत नसे. ती गाणारी नव्हती, नाचणारी नव्हती. ती पडायची. कुणी फक्कड थट्टा केली की कलुंडे हसायला लागायची, हसता हसता तिची मान कलायची, गुडघे मोडायचे आणि बाई अंगणात मुटकुळं होऊन पडायची. डोळे अर्धवट मिटलेले, जबडा लोंबलेला, करंगळी हलेल तर शपथ. मग थोड्या वेळानं उठून अंगाला गुंडाळलेल्या कांग्याची, त्या रंगीत कापडाची, धूळ झटकायची. तोवर बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळलेली असायची, टाळ्या पडत असायच्या.

ही कला वाया जाईल असं ते गावच नव्हे. न्याम्वेझी आणि झिगुआ या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेची सोयरीक चालत आलेली. झिगुआनं न्याम्वेझीला चारचौघांत वाटेल ते बोलावं, त्याच्या ताटातली कोंबडीची तंगडी उचलावी, त्याच्या बापाच्या मयतात बापाचाच कोट घालून नाचावं, आणि न्याम्वेझीनं रागवायचं नाही. संधी आली की फेड करायची, एवढंच. कलुंडे न्याम्वेझी. तिच्या वाट्याचे थट्टेचे सोयरे म्हणजे मझी, म्हणजे बुजुर्ग, सेफू किब्वाना, रेल्वेतून निवृत्त होऊन ताबोरातच राहिलेला, किडकिडीत, मोठ्या कानांचा झिगुआ म्हातारा. तोंडानं भारी वाईट माणूस. कलुंडे पडली तर आपला विनोद लागू पडला, नाही तर फुकट गेला, असा त्यांचा हिशेब होता. ती पोरगी असल्यापासून त्यांनी तिला किती वेळा पाडलं असेल देव जाणे.

आपल्याला खरोखरच उठता येत नाही, हे कलुंडेनं कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा पडली तेव्हा ती शाळेत जायची. घाबरून गेली होती, पण शुद्धीवर होती, सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकू काय आलं तर टाळ्या. चुलत्यानं तर उचलून खांद्यावर घेतलं. अशा वेळी कोण सांगेल की मला भीती वाटली? पुढे तिची तिलाच सवय झाली. फार हसलं की माणसाचं असंच होत असेल, आपलं जरा जास्त होतं, असं तिनं धरून चालायला सुरुवात केली.

झोपेचं मात्र कुणी कौतुक केलं नाही. बस स्टँडजवळ तिची तांदळाच्या आप्प्यांची शेगडी होती. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तिला पेंग यायची आणि आप्पे करपायचे. रात्री आठ तास झोपली तरी सकाळी उन्हं चढायच्या आत डोळे मिटायला लागायचे. शेजारची शेंगदाणेवाली म्हणायची, नवरा काँगोच्या वाटेवर ट्रक हाकतोय आणि ही इथे घोरतेय. नवरा, रजबू, स्वभावानं गरीब होता. महिन्यातून दोनदा घरी यायचा आणि करपलेले आप्पेसुद्धा चांगले लागतात म्हणायचा.

मग मुलगी झाली, म्वाशी. तिला पहिल्यांदा घराबाहेर काढायच्या दिवशी सासरचं अंगण माणसांनी भरलं. सेफू आले ते नवरदेवासारखे सजून. बाळाकडे बोट करून, ही माझी बायको, मी हिला न्यायला आलोय, असं म्हणून त्यांनी दारातच बैठक मारली. सासूनं, न्यांझालानं, त्यांच्या अंगावर कोंडा उधळला. तेवढ्यानं काय होतंय? त्यांनी न्याम्वेझींच्या हमालीचा जुना विषय काढला. तुमचे पणजे हस्तिदंत डोक्यावर घेऊन समुद्रापर्यंत चालत आले, एक नग खाली ठेवला नाही. आता ही माझी बायको तशीच डोक्यावर घेऊन माझ्या गावापर्यंत चल, वाटेत झोपलीस तर हमाली कापीन. आणि उठून त्यांनी कलुंडेच्या चालण्याची नक्कल केली, डोक्यावर ओझं आणि डोळे मिटलेले, घोरत घोरत.

कलुंडे हसली. म्वाशी तिच्या हातात होती.

पडताना तिनं हात आवळायचा प्रयत्न केला. हात तिचे नव्हतेच. मूल निसटल्याचं तिला कळलं, उखळावर काहीतरी आपटल्याचं ऐकू आलं, आणि मग टाळ्या. नेहमीपेक्षा जास्त. कुणीतरी ओरडलं, आज तर लेकरू घेऊन पडली, याला म्हणतात हौस. म्वाशी किंचाळत होती आणि लोक हसत होते, कारण इतक्या वर्षांत कलुंडे पडली म्हणून कुणी धावून गेलं नव्हतं. तोंड धुळीत, डोळ्यांसमोर सेफूंच्या चपला, आणि जीभ उचलेना. मूल बघा एवढं तिला म्हणायचं होतं. शेवटी न्यांझालाला रक्त दिसलं.

म्वाशीच्या कपाळाला टाके पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं. ते तान्ह्या मुलांचं जुळतं तसं जुळलं. पण न्यांझालानं मूल स्वतःकडे नेलं ते नेलंच. कलुंडेनं तिच्या पायाशी बसून सांगितलं की मी नाटक करत नव्हते, मला खरंच उठता येत नाही. न्यांझाला म्हणाली, इतकी वर्षं टाळ्या घेताना नाही सांगितलंस ते? दूध पाजायला ती सासूच्या घरी जायची, तिथे खाली चटईवर बसवून मूल तिच्या मांडीवर दिलं जायचं आणि न्यांझाला समोर बसून राहायची. दूध आटलं तेव्हा तेही थांबलं.

दुखणं कसलं, हे शोधण्यातही गावानं गावासारखंच केलं. त्या भागात जंगलातली माशी चावून झोपेचा रोग होतो, माणसं झोपत झोपत मरतात, हे सगळ्यांच्या घरात घडून गेलेलं. तेव्हा झोप म्हटलं की माशी. आरोग्य केंद्रात तिचं रक्त तपासलं, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, पुन्हा रक्त तपासलं. काही निघालं नाही. नर्स म्हणाली, नशीबवान आहेस. कलुंडेला वाटलं, माशी निघाली असती तर बरं झालं असतं. त्या रोगाला औषध तरी होतं, आणि सासूला सांगायला एक नाव.

शेवटी एका मिशनरी बाईनं डोडोमातल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. रजबू रस्त्यावर होता. बरोबर कोण जाणार? सेफू न बोलावता स्टेशनवर येऊन उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी एकही थट्टा केली नव्हती. सबंध रात्रीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि ती नेहमीसारखी झोपली होती.

डॉक्टर मालिसा म्हणजे तरुण, जाडजूड, हळू बोलणारा माणूस. त्यानं झोपेबद्दल विचारलं, स्वप्नांबद्दल विचारलं, जाग आल्यावर अंग हलत नाही असं होतं का विचारलं. मग विचारलं, हसलात की गुडघे मोडतात का? हसण्याबद्दल दवाखान्यात कुणी विचारेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. उत्तर दिलं ते सेफूंनी. ते म्हणाले, साहेब, तो काही रोग नाही, ती तिची कला आहे, सगळं ताबोरा ओळखतं.

"बरं," डॉक्टर म्हणाला, "मग मला दाखवा. हसवा तिला."

सेफूंनी मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टरनं पुन्हा सांगितलं की बघितल्याशिवाय मला नक्की सांगता येणार नाही. तेव्हा म्हाताऱ्यानं नाइलाजानं तोंड उघडलं. मनात नसताना केलेली थट्टा ती, काहीतरी डॉक्टरच्या पोटाबद्दल आणि खुर्चीबद्दल बोलले, पण तेवढी पुरली. कलुंडे खुर्चीवरून घसरली. डॉक्टर गुडघ्यावर बसला, खिशातून रबरी हातोडी काढली आणि तिच्या गुडघ्याखाली टक्‌ टक्‌ मारली. पाय ढिम्म. दुसरा पाय, तोही ढिम्म. त्यानं सेफूंना खाली बसायला सांगितलं, त्यांच्या गुडघ्यावर तीच हातोडी मारली, त्यांचा पाय टुणकन उडाला.

"हे कुणाला मुद्दाम करता येत नाही," डॉक्टर म्हणाला.

सेफू उठले नाहीत. तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले.

डॉक्टरनं नाव सांगितलं, नार्कोलेप्सी. मेंदूत झोप आणि जाग यांच्यामधली भिंत पातळ झालेली असते, झोप जागेपणात घुसते, स्वप्नात जसं अंग लुळं पडतं तसं हसताना पडतं. बरं होत नाही. आवरता येतं. दिवसातून दोनदा ठरल्या वेळी झोपायचं, आणि पडणं थांबवायला रोज एक गोळी. गोळी उदास माणसांना देतात तीच, पण या कामालाही येते. मनात येईल तेव्हा बंद करायची नाही, नाही तर पडण्याला ऊत येईल. कलुंडेनं एकच विचारलं, मूल उचलता येईल का. पडणं थांबलं की येईल, तो म्हणाला.

गोळी लागू पडली. दोन-तीन महिन्यांत पडणं थांबलं. आप्प्यांच्या शेगडीमागे तिनं चटई टाकली, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ती आडवी व्हायची आणि शेंगदाणेवाली तेवढा वेळ आप्पे उलटायची. आधी कुरकुरत, मग सवयीनं. झोप गेली नाही, पण तिला वेळ ठरवून दिल्यासारखी झाली. आप्पे करपेनात.

आणखीही एक झालं. नेमकं कधी, ते तिला सांगता आलं नसतं. एक दिवस शेंगदाणेवालीचा गाऊन बकरीनं मागून खाल्ला आणि सबंध स्टँड हसत होता. कलुंडेला कळलं की हे हसण्यासारखं आहे. गणित बरोबर आलं की कळतं तसं कळलं. आतून काही उठलं नाही. रजबू घरी आला तेव्हाही तसंच. गेला तेव्हाही. सासूच्या दारातून म्वाशीला बघून परत फिरताना पूर्वी छातीत जे व्हायचं तेही होईना. दुखत नव्हतं, बोचत नव्हतं. बरं चाललंय, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. मूल परत मिळवायचं आहे, एवढं ती विसरली नव्हती. ते तिला पाठ होतं.

न्यांझालाला तिनं गोळ्या दाखवल्या, डॉक्टरचा कागद दाखवला. न्यांझाला वाईट बाई नव्हती. तिनं त्या लेकराचं रक्त धुतलं होतं. ती म्हणाली, कागदाचं मला काही सांगू नकोस. ज्या दिवशी सेफू थट्टा करील आणि तू उभी राहशील, त्या दिवशी घेऊन जा पोर. पण सेफू तर थट्टा करीनासेच झाले होते. कलुंडेनं त्यांना जाऊन विनवलं. ते म्हणाले, माझ्या तोंडाला आता कुलूप, दुसरं काहीही माग.

मग पावसाळ्याच्या शेवटी न्यांझालाचा नवरा गेला. मधाचा व्यापारी, ऐंशीच्या घरातला, घसघशीत मिशांचा. दुपारपर्यंत आंब्याखाली बायका बसल्या, मक्याच्या पिठाच्या उगालीची भांडी चढली, रजबूला वाटेतून बोलावून घेतलं. आणि सगळे झिगुआंची वाट बघायला लागले. थट्टेच्या सोयऱ्यांनी मेलेल्याची नक्कल करून हसवल्याशिवाय त्या घरचं मयत उठत नाही, उठलं तर माणूस अर्धाच गेला असं होतं. इथे सेफूंच्या कुलपाला कोण विचारतो? ते आले. गप्पपणे आत जाऊन मेलेल्याचा कोट घातला, टोपी घातली, नाकाखाली मक्याचे केस चिकटवले आणि अंगणात आले.

कलुंडे उठली. म्वाशी आता दीड वर्षाची, आजीच्या मांडीवर शेंगदाणा चोखत होती. कलुंडेनं वाकून तिला उचललं आणि कडेवर घेऊन सेफूंच्या समोर जाऊन उभी राहिली. बायकांची कुजबुज थांबली. रजबू दोन पावलं पुढे आला. न्यांझालानं त्याला हात दाखवून थांबवलं, पण स्वतः उठून सुनेच्या मागे, दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

"करा आता," कलुंडे सेफूंना म्हणाली. "सगळं करा. राखून करू नका."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. आणि केलं. मधाचं गिऱ्हाईक आल्यावर गेलेले मझी कसे बोट बुडवून चव दाखवायचे आणि तेच बोट पुन्हा पुन्हा स्वतःच चाटायचे. बायकोनं हाक मारली की कसे बहिरे व्हायचे आणि शेजारच्या घरात बाटलीचं बूच उघडलं की कसं ऐकू यायचं. मधमाशी मिशीत अडकली तेव्हा मधमाशीशी कसा भाव केला. आवाज तोच, खोकला तोच, चालताना ओढला जाणारा डावा पाय तोच. अंगण हसायला लागलं. न्यांझाला, त्या सकाळी विधवा झालेली बाई, पुढे केलेले हात विसरून पोट धरून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. रजबू भिंतीला टेकून हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. म्वाशीला काय कळलं कोण जाणे, तीही आईच्या कडेवर उड्या मारून खिदळत होती.

कलुंडे उभी होती. गुडघे सरळ, हात घट्ट. सासरा तिला आवडायचा. गर्भारपणी तो तिला चोरून पोळ्यासकट मध आणून द्यायचा. सेफूंनी इतकं चांगलं आजवर केलं नव्हतं, हेही तिला कळत होतं. ती सगळं नीट बघत होती. बस येताना बघावी तशी.

एकेक करून लोकांचं तिच्याकडे लक्ष गेलं. तो मख्ख चेहरा बघून हसणं मागून पुढे विरत गेलं. एक आत्या दुसरीला म्हणाली की सासऱ्याच्या मयतात हसली नाही, रडली नाही, दगड आहे की काय. सेफू मिशीतल्या मधमाशीशी भाव करता करता अडखळले आणि थांबले. त्यांनी टोपी काढली. न्यांझालानं डोळे पुसले, पुढे येऊन सुनेच्या दंडाला हात लावून बघितला, दोन्ही दंडांना.

"ने," ती म्हणाली. "तुझी आहे." आणि थोड्या वेळानं, हळू, "पण यांच्यासाठी तरी हसायचं होतंस गं."

कलुंडे म्हणाली, हो. तिला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला हवं होतं, एवढं कळलं.

मयत झालं, पाहुणे पांगले, रजबू पुन्हा रस्त्याला लागला. म्वाशी आईकडे राहू लागली. दिवसभर कडेवर. इतके दिवस आईच्या कडेवर न बसलेली पोर, खाली ठेवली की हात वर करून उभी राहायची. आईच्या तोंडाकडे बघत बघत ती नाक मुरडून दाखवायची, गाल फुगवायची, आणि मग थांबून वाट बघायची. कलुंडे ओठ फाकवून दात दाखवायची. तेवढ्यावर पोर कधी मानायची, कधी पुन्हा गाल फुगवायची.

एका संध्याकाळी सेफू आले. कुडाला टेकून बसले, आप्पे खाल्ले, गोड कमी आहे म्हणाले. मग म्हणाले की मी डॉक्टरला फोन केला होता, स्टेशनमास्तरच्या फोनवरून. मी त्याला विचारलं, पोरीचं हसणं कुठे गेलं? तो म्हणाला की गोळीनं कधी कधी असं होतं, सांगायला हवं होतं, गोळी हळूहळू कमी करता येते, दुसरीही देऊन बघता येते. हसणं परत येईल.

"गोळ्या आणायला गेले तेव्हा मलाही सांगितलं त्यांनी," कलुंडे म्हणाली. "आणि पडणं?"

"तेही थोडंफार येईल म्हणाला."

"मग नको."

"अगं, जन्मभर अशीच राहणार?"

"जन्मभर कशाला. हिला कडेवर बसावंसं वाटायचं बंद होईल ना एक दिवस. उतरव म्हणेल, स्वतः चालेन म्हणेल. मग करीन कमी."

सेफूंनी म्वाशीकडे बघितलं. पोर आईच्या खांद्यावर डोकं टाकून तिच्या मानेला घट्ट धरून होती, कपाळावर टाक्यांची फिकट रेघ.

"तोवर हिला हसणारी आई ठाऊकच नसायची," ते म्हणाले.

"पडणारी ठाऊक आहे की," कलुंडे म्हणाली.

थट्टेच्या सोयऱ्याला रडायची मुभा नसते, पण ते रडले, तोंड पलीकडे करून. कलुंडे शेजारी बसून त्यांचं होईपर्यंत थांबली. मग एका हातानं मुलीला धरून दुसऱ्यानं त्यांच्यापुढे पाणी ठेवलं, आणि तिची संध्याकाळची गोळी घ्यायची राहिली होती म्हणून आत गेली.